नव्वद अंशाचा नेम

धाकट्या भावाची पाणबुडी बुडाल्याचं पत्र आलं तेव्हा मापताई रडली नाही. पत्राचा दुसरा परिच्छेद वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पहिल्या परिच्छेदात सरकारी दुःख होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की, पाणबुडीच्या कॅप्टनने, म्हणजे तिच्या भावाने, सोडलेले चारही टॉर्पेडो नेम चुकल्यामुळे वाया गेले, आणि त्यामुळे सावध झालेल्या शत्रूच्या जहाजाने पाणबुडी बुडवली. थोडक्यात, एक्केचाळीस माणसं मेली ती याच्या हाताने. या निष्कर्षाखाली सही होती टॉर्पेडो कारखान्याच्या मुख्य रचनाकाराची.

ती सही मापताईने झोपेतसुद्धा ओळखली असती. गेली बावीस वर्षं ती त्याच कारखान्यात, त्याच सहीखाली काम करत होती.

कारखान्याच्या उत्तरेकडच्या लांबट खोलीत, जिथे दिवसभर सारखा उजेड येतो, तिथे मापघर होतं. टॉर्पेडोचा प्रत्येक नाजूक भाग तिथे येई, आणि ताई तो मायक्रोमीटरमध्ये धरून पास किंवा नापास करी. पास झाला की हिरव्या तबकात, नापास झाला की लाल तबकात. तिच्या लाल तबकाला भले भले मिस्त्री टरकून असत. "मापताईने पास केलं म्हणजे देवाने पास केलं," असं क्रेन चालवणारे क्रेनमामा म्हणत. हे मामा जगातल्या कुणाचेच मामा नव्हते. क्रेनच्या टपावर बसून खालच्या सगळ्यांना "भाच्यांनो, डोकी सांभाळा" म्हणून ओरडायचे, म्हणून मामा.

आणि मुख्य रचनाकाराला सगळे पाठीमागे घड्याळजी म्हणत. तो मूळचा घड्याळं बनवणारा. टॉर्पेडोच्या तोंडाशी असलेला, धडक बसताच स्फोट घडवणारा खटका त्याने स्वतः आखला होता. चौदा लहान भाग, आणि त्यांच्या मधोमध एक लांब, निमुळती, आरशासारखी चकाकणारी पिन. धडक बसली की ती पिन आडवी सरकायची, दारूच्या एका छोट्या टोपीवर आपटायची आणि स्फोट व्हायचा. खटका इतका सुबक होता की पाहुण्यांना दाखवायला तो काचेच्या पेटीत ठेवला होता.

समुद्रावरून तक्रारी येत. टॉर्पेडो लागतो पण फुटत नाही. घड्याळजीचं उत्तर ठरलेलं असे, "नाचता येईना, अंगण वाकडं."

भावाच्या पाणबुडीवरून शेवटचा बिनतारी संदेश आला होता. तो कार्यालयातल्या एका ओळखीच्या बाईने ताईला गुपचूप वाचून दाखवला: "चार सोडले. अंतर आठशे मीटर, कोन नव्वद अंश. दोन धडकल्याचा आवाज ऐकला. स्फोट नाही. जहाज आमच्याकडे वळलं आहे."

नव्वद अंश. म्हणजे जहाज पुढ्यात भिंतीसारखं आडवं. याहून चांगला नेम पुस्तकातसुद्धा नसतो.

ताई भावजयीकडे गेली तेव्हा ती दाराला आतून कडी लावून बसली होती. समोरच्या घरातला एक मुलगा त्याच पाणबुडीवर होता. त्याच्या आईने सकाळी जिन्यात हिला गाठून सांगितलं होतं, "तुझ्या नवऱ्याने माझा पोरगा मारला."

"वन्सं," भावजय म्हणाली, "खरं सांगा, यांची चूक होती का हो?"

"नव्हती."

"मग कुणाची?"

 घरी जाताना ताई वाटभर दातओठ खात होती. घड्याळजीला नुसतं घरी बसवून भागणार नव्हतं. तो ज्या खटक्याचा तोरा मिरवतो तोच त्याच्या घशात घालायचा, आणि तोही चारचौघांत.

संधी दोन महिन्यांनी चालून आली. शत्रूचा एक न फुटलेला टॉर्पेडो किनाऱ्याच्या वाळूत रुतलेला सापडला. त्याच सुमारास खुद्द अॅडमिरलने कारखान्याला खरमरीत पत्र पाठवलं: वर्षभरात शत्रूच्या पाणबुड्यांनी आपली एकतीस जहाजं बुडवली, आपल्या पाणबुड्यांनी त्यांची नऊ. पाणबुड्या सारख्या, माणसं सारखी, टॉर्पेडोही जवळजवळ तितकेच सोडले. मग फरक कशात आहे? दोन्ही टॉर्पेडो शेजारी शेजारी मांडून मला दाखवा.

शत्रूचा टॉर्पेडो सुटा करून मापघरात आणला. घड्याळजी हात मागे बांधून त्याच्याभोवती फिरला आणि फसकन हसला.

"हे पाहा, ताई. कानशीसुद्धा नीट फिरवलेली नाही. लोहाराने केलाय की काय? घ्या मापं. एकेक फट लिहून काढा."

ताईने चार दिवस मापं घेतली. घड्याळजी म्हणत होता ते खरंच होतं. शत्रूचं काम ओबडधोबड होतं. त्यांच्या खटक्यात जेमतेम पाच भाग, आणि पिन म्हणजे बोटाच्या पेराएवढा आखूड, जाडा ठोंब्या. तिच्या तबकांचा नियम लावला असता तर त्यातला निम्मा माल लाल तबकात गेला असता. कागदावर आपलाच टॉर्पेडो दहा पावलं पुढे होता.

चौथ्या दिवशी तिने दोन्ही पिना शेजारी शेजारी ठेवल्या. आपली सडपातळ, त्यांची बुटकी. आणि एकाएकी तिला आठवलं की आपली पिन वाकलेली तिने पूर्वी कधीतरी पाहिली आहे.

तिने जुन्या तक्त्यांचं कपाट उघडलं. दुपारच्या सुट्टीपर्यंत तक्ता हाती लागला. दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका उभ्या कड्यावर तीन टॉर्पेडो सोडून पाहिले होते. तिन्ही फुटले नव्हते. आतल्या पिना मापाला तिच्याकडेच आल्या होत्या, आणि तिन्ही वाकलेल्या होत्या. शेजारी घड्याळजीच्या अक्षरात शेरा होता: "खडकावर आपटल्याने वाक. जहाज म्हणजे खडक नव्हे. स्वीकारयोग्य." आणि त्याखाली मोजणाऱ्याची सही.

सही तिची होती.

 ताईला तो दिवस आठवेना. शेकडो दिवसांसारखाच एक दिवस असणार. साहेबाने शेरा मारला, हिने सही केली आणि पुढचा भाग उचलला.

तक्ता फाडून भट्टीत टाकता आला असता. ते कपाट तिच्याशिवाय कुणी उघडत नव्हतं. पण या कागदाशिवाय घड्याळजी सुटणार होता. "मला काय माहीत" म्हणून हात झटकणार होता. तो बुडणार असेल तर आपणही ओलं व्हायला हरकत नाही, असं तिने ठरवलं. तक्ता चौघडी करून ब्लाउजमध्ये खोचला आणि ती क्रेनमामांना शोधायला निघाली.

"मामा, टॉर्पेडोचं रिकामं तोंड क्रेनने वर नेऊन खाली पोलादी पत्र्यावर सोडता येईल?"

"माझी नोकरी कशाला खाली पाडतेस, बाई?" मामा म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्यांनी चष्मा पुसला. "कितीदा सोडायचं?"

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, आवारात चिटपाखरू नसताना, दोघांनी ते केलं. तोंडात दारूऐवजी वाळू भरली. खटका आणि टोपी मात्र खरी. टोपी उडाली की फटाक्यासारखा आवाज येई. पत्रा तिरका ठेवला की आपली टोपी हटकून उडायची. सपाट ठेवला, म्हणजे धडक बरोबर सरळ बसली, की वरून नुसता दणका यायचा आणि पुढे काही नाही. आत पिन वाकून अडकलेली.

"म्हणजे ज्याचा नेम वाकडा," मामा हळूच म्हणाले, "त्याचा टॉर्पेडो फुटतो. आणि ज्याचा सरळ..."

"त्याचा भाऊ मरतो," ताईने वाक्य पुरं केलं. बोलताना चुकलं हे तिच्या लक्षातही आलं नाही.

अॅडमिरल आला तो चार अधिकारी घेऊन. घड्याळजीने त्याला आधी काचेची पेटी दाखवली, मग ताईचे तक्ते. अॅडमिरलने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सुबक आहे. पण शत्रूचा लोहार माझी जहाजं बुडवतोय."

ताई पुढे झाली. "साहेब, आवारात चला. त्यांचा खटका दहादा सोडू, दरवेळी नवी टोपी घालून, आणि आपले दहा. मोजायला अर्धा तास लागेल."

घड्याळजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण अॅडमिरल चालू लागला होता. आवारात पत्रा सपाट मांडलेला पाहून मात्र घड्याळजीचा चेहरा उतरला. "पत्रा तिरका करा," तो घाईने म्हणाला. "जहाज कुठे असं सरळ पुढ्यात येतं?"

"माझ्या भावाच्या आलं होतं," ताई म्हणाली. "नव्वद अंशात."

मामांनी एकेक तोंड उचललं आणि सोडलं. शत्रूच्या दहांतल्या नऊ टोप्या उडाल्या. आपल्या दहांतल्या तीन.  एक अधिकारी बोटं मोजत होता, ती सातव्या नुसत्या दणक्यानंतर थांबली.

"आजवर हे कुणाच्या ध्यानात आलं नाही?" अॅडमिरलने विचारलं.

"प्रत्यक्ष समुद्रात..." घड्याळजीने सुरुवात केली.

ताईने तक्ता उलगडून अॅडमिरलच्या हातात दिला. घड्याळजीने तो लांबूनच ओळखला. त्याचे ओठ पांढरे पडले, तरी तो म्हणाला, "खालची सहीपण वाचा, साहेब. ती कुणाची आहे?"

"माझी आहे," ताई म्हणाली. "वाचाच."

अॅडमिरलने दोनदा वाचलं. घड्याळजीला त्याच जागी मुख्य पदावरून काढलं. ताईला त्याने विचारलं, "तुमचं काय करू?"

"ते तुम्ही ठरवा. पण यांना घरी पाठवू नका. आखूड पिनेचे टॉर्पेडो तयार झाले की पहिली पाणबुडी निघेल, तिच्यावर यांना पाठवा. नेम कसा चुकतो ते बघून येऊ देत."

 "तज्ज्ञ माणूस बोटीवर असलेला बराच," अॅडमिरल म्हणाला. "आणि तुम्ही मापघरातच राहा. तुमच्याइतकी कडक तपासणी आता दुसरं कोण करणार?"

घड्याळजीच्या तोंडचं पाणी पळालेलं ताईने पाहिलं. तिला वाटलं होतं त्याहून ते गोड लागलं.

पाणबुडीवर आठ टॉर्पेडो जायचे होते. आखूड पिना घाईघाईने बनवल्या. निघण्याच्या आदल्या सकाळी आठ पिना तिच्या टेबलावर आल्या. सहा बिनचूक. दोन मात्र किंचित जाड होत्या, केसाच्या दहाव्या हिश्शाइतक्या. एरवी तिने बारीक दगडावर चार हात मारले असते, पुसून परत मोजल्या असत्या आणि हिरव्या तबकात टाकल्या असत्या. पाच मिनिटांचं काम. आयुष्यात हजारदा केलेलं.

तिने त्या दोन पिना लाल तबकात टाकल्या. नियम म्हणजे नियम, असं मनाशी म्हणाली. मग आठांतल्या दोन टॉर्पेडोंत जुन्याच पिना राहिल्या. बोटीवर तसं कळवलं: हे दोन अगदीच वेळ आली तर वापरा.

धक्क्यावर ती मुद्दाम निरोप द्यायला गेली. घड्याळजी एक लहान पेटी छातीशी धरून फळीवरून बोटीत उतरत होता. फळी हलली तसा तो गडबडून खाली बसला; खलाशी हसले. ताईही हसली. मग शेवटचा माणूस आत उतरताना तिने सहज मोजलं. घड्याळजी धरून त्रेचाळीस.

त्या आकड्याने तिची पाठ धरली. तेवीस दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तबकातल्या त्या दोन पिना तिने दुसऱ्याच दिवशी दगडावर घासल्या. मोजल्या. पास. त्या हिरव्या तबकात पडून राहिल्या आणि बोट समुद्रात.

चोविसाव्या दिवशी पाणबुडी परत आली. मागच्या बाजूला पत्रा आत चेपलेला, पण माणसं सगळी होती. सहा नव्या टॉर्पेडोंतले पाच लागले होते आणि पाचही फुटले होते. दोन जहाजं बुडाली होती. कारखान्यात शिट्ट्या वाजल्या, मामांनी क्रेनवरून डोक्यावरची टोपी फेकली.

घड्याळजी संध्याकाळच्या आत मापघरात आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो तिच्यासमोरच्या स्टुलावर बसला.

"सहा संपले," तो म्हणाला. "मग एक पहारेकरी जहाज समोर आलं. आडवं, बरोबर नव्वद अंशात. कॅप्टनकडे जुन्या पिनांचे दोनच उरले होते, ते सोडले. दोन्ही लागले. मी कान लावून बसलो होतो. रिकामा हंडा दगडावर पडावा तसा आवाज येतो, ताई. पहिला आला, मग दुसरा. मग जहाज वळल्याचा."

ताईने मायक्रोमीटर खाली ठेवला.

"सात तास ते डोक्यावर फिरत होतं. वरून बॉम्ब टाकत होतं. दिवे गेले. हवा जड झाली. कॅप्टनने सगळ्यांना आडवं पडायला सांगितलं, श्वास कमी लागावा म्हणून. माझ्याशेजारी इंजिनवाला होता. एक बॉम्ब अगदी जवळ फुटला आणि त्याच्या दोन्ही कानांतून रक्त आलं. आता त्याला काही ऐकू येत नाही. मी पूर्ण वेळ एकच मोजत होतो, माझ्या खटक्याचे भाग. चौदा. परत चौदा." तो थांबला. "तुझ्या भावाचं असंच झालं असणार. मला हेच कळावं म्हणून तू पाठवलंस. कळलं."

याच वाक्याची ती इतके महिने वाट पाहत होती. पण तिच्या डोळ्यांपुढे तो नव्हता. अंधारात आडवा पडून हवा जपणारा धाकटा होता. लगेच गेला असेल, अशी तिने आजवर स्वतःची समजूत घातली होती.

घड्याळजी उठला आणि दाराशी वळला. "त्या दोन पिना. किती जास्त होत्या?"

तिने सांगितलं.

"बस? एवढंच?" तो म्हणाला. "एवढं तू दगडावर घासतेस. तुला हजारदा घासताना पाहिलंय मी."

 त्याने आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही, आणि कुणाला सांगायलाही गेला नाही. आवारात जाऊन त्याने मामांकडे काम मागितलं. त्या दिवसापासून क्रेनखाली प्रत्येक शंभरातले पाच खटके सोडून बघायचं काम तो करू लागला.

ताई दुसऱ्या दिवशी इंजिनवाल्याच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, खिडकीत वाळत घातलेले निळे कामाचे कपडे. तो टेबलाशी बसला होता. बोलायचं तर कागदावर लिहून द्यावं लागे. तिने लिहिलं. पिना किती जाड होत्या, पाच मिनिटांत काय झालं असतं, तिने काय केलं आणि कुणावरचा राग काढायला. अर्धं पान भरलं.

त्याने सावकाश वाचलं. पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं: "माझ्या बायकोला सांगू नका. ती तुम्हाला सोडणार नाही."

तेवढ्यात बायको आतून चहा घेऊन आली. ताईच्याच वयाची, रुंद खांद्यांची बाई. नवऱ्याला दिसणार नाही अशी वळून ती म्हणाली, "काय लिहून दिलंत यांना? चेहरा बघा कसा झालाय."

ताईला खोटं बोलता आलं असतं. पण जिन्यात भावजयीला अडवणाऱ्या त्या आईची तिला आठवण झाली. निदान या बाईला तरी खरा दोषी सापडू दे, असं तिला वाटलं. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

बाईने कप टेबलावर ठेवला. "बाहेर व्हा," एवढंच म्हणाली.

ताई कारखान्यात परतली ती थेट कार्यालयात गेली आणि तिथेही तेच सांगितलं. अॅडमिरलकडून उत्तर यायला आठवडा लागला: तपासनीस पदावरून उतरवा, पण कामावर ठेवा, यापुढे तिच्या प्रत्येक मापावर दुसऱ्या माणसाचं माप हवं. भावजयीकडे त्याच आठवड्यात दुसरं पत्र गेलं. त्यात कॅप्टनचा नेम अचूक होता असं लिहिलेलं होतं. तिने ते जिन्यात, सगळ्यांना दिसेल अशा उंचीवर, खिळ्याने ठोकलं. समोरची आई ते वाचायला दोन दिवस बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, वाचलं आणि भावजयीच्या दारात बसून रडली.

दुसरं माप घ्यायला माणूस मिळेना. मग एका सकाळी इंजिनवाल्याची बायको कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. "मला शिकवा," ती म्हणाली. "मापताईच्या समोरचीच जागा द्या."

तिला ती जागा मिळाली. महिन्याभरात तिचा हात बसला. ताई पिन मोजायची आणि पलीकडे सरकवायची. ती परत मोजायची, वहीत लिहायची आणि ताईच्या आकड्याशी ताडून पाहायची. 

वर्ष संपताना अॅडमिरलकडून नवा तक्ता आला: आपल्या शंभर धडकांत एक्क्याऐंशी स्फोट, शत्रूच्या शंभरांत अठ्ठ्याहत्तर. मामांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. घड्याळजी क्रेनखालून ऐकत होता. त्याने मान हलवली आणि पुढचा खटका लावला.

मापघरात इंजिनवाल्याच्या बायकोने वही मिटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती ताईशी कामापलीकडचं बोलली.

"मी माफ केलेलं नाही हं."

"करू नका," ताई म्हणाली, आणि पुढची पिन मोजून तिच्याकडे सरकवली.